ठोक्यांमधली रेघ

डॉक्टरीणबाय तपासणी चालू असताना एक अक्षर बोलत नसत. बाई पलंगावर आडवी झाली, पोटावर जेली लावली, यंत्राचा तो हातात धरायचा गुळगुळीत तुकडा पोटावर टेकला, की बायचे तोंड मिटले. दहा मिनिटे, वीस मिनिटे, कधी अर्धा तास. नजर पडद्यावर, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटत नसे. पलंगावरची बाई पडद्याकडे बघतच नसे. तिला त्यातले काय कळणार? ती बायच्या चेहऱ्याकडे बघे. साखळी गावची एक पोर त्या चेहऱ्याकडे बघून बघून शेवटी हमसून रडायला लागली. म्हणाली, “बाय, वायट आसा मां?” बायनी हात थांबवला. “वाईट काही नाही. पण तू रडलीस की पोट हलते आणि पोट हलले की मला दिसत नाही. मी बोलायला लागले तर माझेही लक्ष उडते. म्हणून गप्प असते. माझे झाले की सगळे सांगेन, लपवणार नाही.” त्या दिवसापासून प्रत्येकीला आत नेताना मी आधीच सांगून ठेवू लागले, की बाय आता बोलणार नाहीत, घाबरू नकोस.

मी तेव्हा डिचोलीच्या एका खासगी प्रसूतिगृहात नर्स होते. माझे गाव पेडण्यातले केरी. तिथून रोजचे येणे-जाणे शक्य नव्हते, म्हणून डिचोलीच्या बाजाराजवळ एका कुटुंबात खोली घेऊन राहत होते. बायही मूळच्या पेडणे तालुक्यातल्याच. मुंबईत शिकल्या, तिथल्याच इस्पितळात बरीच वर्षे काढली, आणि वडील आजारी पडले म्हणून परत आल्या त्या आल्याच. लग्न केले नव्हते. का नाही, हे मी कधी विचारले नाही आणि त्यांनी कधी सांगितले नाही. आठवड्यातले चार दिवस त्या आमच्याकडे असत. सुती साडी, घट्ट अंबाडा, मनगटाला पुरुषी घड्याळ. दुपारी पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, दोन उंडे आणि घरून आणलेली भाजी. उंडा मोडून अर्धा माझ्यापुढे सरकवत आणि म्हणत, “सुलू, खा. उपाशी माणसाच्या हाताला कंप असतो.”

गोवा राज्य होऊन तेव्हा काही वर्षे झाली होती. कोकणी राजभाषा झाली होती, पण कोकणी की मराठी हा वाद लोकांच्या डोक्यातून उतरला नव्हता. आमच्या बाहेरच्या बाकड्यांवर तो मधूनच पेटे. एका दिवशी दोन गर्भार बायकांचे नवरे त्यावरून असे जुंपले की आत आवाज येऊ लागला. बाय हातातले काम ठेवून दारात आल्या. दोघांना बारीक आवाजात म्हणाल्या, “आत ज्यांना मी बघते आहे त्यांना अजून कुठलीच भाषा आलेली नाही. त्यांचे मला ऐकू द्या.” दोघेही खाली मान घालून बसले. बाय स्वतः सावंतवाडी-दोडामार्गाकडून खाणीवर आलेल्यांशी मालवणी बोलत, डिचोलीकरांशी कोकणी, आणि कागदावर जे लिहून देत ते स्वच्छ, मोठ्या अक्षरातल्या मराठीत. नुसत्या औषधांच्या नावांवर त्यांचे भागत नसे. काय दिसले, त्याचा अर्थ काय, पुन्हा कधी यायचे आणि काय झाले तर न थांबता यायचे, हे सगळे त्यात असे.

त्यांच्यासाठीच ते नवे यंत्र आणले होते. पहिल्या यंत्रावर मूल दिसे, त्याचे डोके, मांडीचे हाड मोजता येई. ह्या यंत्रावर नाळेतून वाहणारे रक्त दिसे आणि त्याचा आवाजही येई, शूः, शूः, शूः असा. डॉप्लर म्हणत त्याला. पडद्यावर एकामागून एक डोंगर उमटत जात. एक ठोका म्हणजे एक डोंगर. मी सुरुवातीला डोंगरांकडेच बघायची. बाय म्हणाल्या, “डोंगर कुणालाही दिसतात. तू दोन डोंगरांच्या मधले बघ.” दोन ठोक्यांच्या मधे ती रेघ खालच्या ओळीपासून वर राहिली पाहिजे. ती खाली उतरू लागली, की वार नीट काम करत नाही, बाळाला पोटात पुरेसे मिळत नाही.

हेच त्या घरच्या माणसांना शेताच्या भाषेत सांगत. “पाणी भाताच्या कुणग्यात सोडलेस, की जोर असतो तोवर ते जातेच. जोर ओसरला तरी ते पुढच्या कुणग्यात उतरत राहिले पाहिजे. पुढचा कुणगा तुंबला असेल तर ते जागच्या जागी उभे राहते. फारच तुंबला असेल तर मागे फिरते.” एका सासऱ्याने विचारले होते, “उबा रवला तर?” बाय म्हणाल्या, “तर तिला माझ्या नजरेआड करायचे नाही.” “आणि फाटी फिरला तर?” “तर वाट बघायची नाही.”

आमच्या इमारतीसमोरून खनिजाचे ट्रक जात. लाल धूळ जनेलाच्या फटीतून आत येई आणि रांग लागली की भिंतीसुद्धा थरथरत. तेवढा वेळ बाय हात तसाच पोटावर ठेवून थांबत. रांग संपली की पुन्हा पहिल्यापासून मोजत. मी एकदा म्हटले, आधीचे मोजमाप आहे की. तर म्हणाल्या, “ते ट्रकचे असेल. मला बाळाचे हवे.” तडजोड त्यांना ठाऊकच नव्हती, असे मला वाटे. म्हणून कुंदाच्या बाबतीत जे झाले ते माझ्या इतके लक्षात राहिले.

कुंदा मयेची. नवरा मोहन एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. घरात सासू आणि ही दोघे. पहिलटकरीण, आठवा लागून थोडे दिवस झाले होते. पायांवर सूज होती, रक्तदाब चढला होता आणि पोट दिवसांच्या मानाने लहान होते. चवथ दोन दिवसांवर आली होती. बायनी तिला पाऊण तास तपासले. मीही एव्हाना ती रेघ वाचायला शिकले होते. काही ठोक्यांमध्ये ती तळाला टेकत होती, काहींमध्ये किंचित वर राहत होती.

बाय बाहेर येऊन सासूला म्हणाल्या, “हिला इथे ठेवून घ्यायला हवे.”

सासू उभीच राहिली. “बाय, परवा चवथ. घरात ही एकटी सून. दीड दिवसाचो गणपती. तो पोचवलो की चवथ्या दिवशी मी सोता हाडतंय तिका.”

कुंदा मागून म्हणाली, “लग्नानंतरची दुसरीच चवथ. पहिल्या चवथीला सोयर आले होते. मला बरे वाटतेय, बाय.”

बायनी हातातल्या कागदाकडे पुन्हा पाहिले. मला वाटले होते त्या नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, “ठीक आहे. पण हिला कामाला लावायचे नाही. डाव्या कुशीवर निजायचे. आणि बाळाची हालचाल कमी वाटली, तर चवथ असो की आणखी काही, तसेच उठून यायचे.” हे सगळे त्यांनी कागदावरही लिहून दिले.

चौथ्या दिवशी त्या दोघी ठरल्याप्रमाणे आल्या. सासूने करंज्यांचा डबा आणला होता. बायनी पोटावर यंत्र टेकले आणि मला लगेच कळले, कारण खोलीत आवाजच येईना. बाय तरीही बराच वेळ इकडून तिकडून बघत राहिल्या. मग त्यांनी यंत्र ठेवले, कुंदाच्या पोटावरची जेली स्वतः पुसली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “कुंदा, बाळाचे हृदय थांबले आहे.”

कुंदा रडली नाही. तिने विचारले, “कधी?”

“काल किंवा परवा.”

“चवथीच्या सकाळपासून हलत नव्हते,” ती म्हणाली. “मी आईंना म्हटले. आई म्हणाल्या, दमलेय, निजले असेल. मलाही तसेच वाटले.”

मुलगा होता. केस भरपूर होते त्याला. त्याला गुंडाळून मोहनच्या हातात दिले ते मीच. त्याने तो कसा धरावा हे त्याला कळेना, म्हणून मी त्याचा कोपर वर उचलून दिला. ह्याच्यापुढे त्या दिवसाबद्दल लिहीत नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी बाय मला म्हणाल्या, “सुलू, मला मयेला कुंदाच्या घरी जायचे आहे. वाट माहीत नाही. तू येतेस? नको वाटले तर येऊ नकोस.” हे आमच्या प्रसूतिगृहाच्या मालक डॉक्टरांच्या कानावर गेले. त्यांनी बायना आत बोलावले. दार उघडेच होते. ते म्हणाले, “तुम्ही सूचना लिहून दिली होती. त्यांनी पाळली नाही. कागद आपल्याकडे आहे. आता घरी जाऊन काही कबूल करण्याची गरज काय? उद्या ते अंगावर येतील.” बाय म्हणाल्या, “कागदावर काय लिहिले ते मला माहीत आहे. न लिहिलेले काय होते, तेही माहीत आहे.” आणि पिशवी उचलून बाहेर आल्या. मी त्यांच्याबरोबर गेले. मनात धास्ती होती, खोटे कशाला सांगू.

मयेला बसमधून उतरून तळ्याच्या बाजूने आम्ही चालत गेलो. घर छोटे, कौलारू. गणपतीच्या जागेवर टांगलेली रानफळांची माटोळी अजून उतरवलेली नव्हती. सुपाऱ्या, कवंडाळे, तोरिंगणे तशीच लोंबत होती, काही सुकून आत दुमडली होती. उतरवायला त्या घरात कुणाला सवडच झाली नव्हती. कुंदा आतल्या खोलीत निजली होती. सासू चुलीपुढून उठून आली आणि बायना बघून दचकली.

“तुमी कित्याक इलात, बाय?”

“तुमच्याशी आणि कुंदाशी बोलायला.”

मोहनने खुर्ची आणली. बाय खुर्चीवर बसल्या नाहीत. कुंदा बाहेर येऊन भिंतीला टेकली, तशा तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. त्या काही बोलण्याआधीच म्हातारी बोलू लागली. “माझीच चूक, बाय. पोरगी सांगी होती, हलना नाय म्हणान. मी तिका गप बसयलंय. देवाचा घरात आसताना इस्पितळ नको म्हटलंय. माझ्या हातान गेला तां.” आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

बायनी तिचा हात धरला. “नाही. तुम्हाला माहीत नव्हते. मला माहीत होते. त्या दिवशी यंत्रावर मला दिसले होते, की बाळाला रक्त कमी पडते आहे. हिला घरी सोडायला नको होते. तुम्ही चवथीचे म्हणालात आणि मीही चवथीचा विचार केला. तो माझा विचार करायचा विषय नव्हता. चूक माझी आहे. तुम्ही ती स्वतःवर घेऊ नका, आणि कुंदावर तर मुळीच नाही.”

मोहन उठून अंगणात गेला. मला वाटले, आता तो परत येऊन काहीतरी बोलणार, कदाचित हात उचलणार. तो बराच वेळ विहिरीच्या काठाशी उभा होता. परत आला तेव्हा त्याने एवढेच विचारले, “ठेवून घेतले असते तर वाचला असता?”

“कदाचित,” बाय म्हणाल्या. “नक्की सांगितले तर ते खोटे होईल. पण वाचण्याची संधी होती, ती मी त्याला दिली नाही.”

आम्ही निघालो तेव्हा कुंदा दारापर्यंत आली आणि म्हणाली, “आईंनी बारा दिवस अन्न घेतले नाही, नुसती पेज. आज जेवतील.” बाय मान हलवून पुढे झाल्या. तळ्याजवळ आल्यावर एका दगडावर बसल्या. पदर तोंडाला लावून त्या रडल्या, आवाज न करता, पुष्कळ वेळ. मी शेजारी उभी होते. शेवटची बस चुकेल एवढेच म्हटले.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. डॉक्टरणीनेच स्वतःच्या तोंडाने सांगितले की मूल तिच्यामुळे गेले, असे झाले. काही दिवस बाकडी रिकामी राहू लागली. मालक डॉक्टर मला ऐकू जाईल अशा बेताने उसासे टाकत. बाय मात्र वेळेवर येत, यंत्रावरची धूळ पुसत आणि बसून राहत. मग एक दिवस मयेच्याच दोन बायका आल्या. मी विचारले, कुणी पाठवले? तर म्हणाल्या, कुंदाच्या सासूने. तिने त्यांना सांगितले होते, “बाकीचे सगळे बरे आसा म्हणतत. ही आसा तां सांगता.”

त्या दिवसांपासून बायमध्ये एक बदल झाला. तपासणी संपल्यावर त्या पूर्वी लगेच सांगायला सुरुवात करत. आता आधी हात धुवायला जात, नळाखाली हात धरून उभ्या राहत, आणि मग येऊन सांगत. मी एकदा विचारले. म्हणाल्या, “तेवढ्या वेळात स्वतःला विचारते, की बाहेर कोण बसले आहे ह्याचा माझ्या सांगण्यावर परिणाम होतो आहे का.” आणि एकदा ठेवून घ्या म्हणाल्या, की मग कुणाचे लग्न असो, जत्रा असो, त्यांचा शब्द मागे फिरत नसे. लोक रागावत. त्या राग खाली बसेपर्यंत समोर उभ्या राहत.

दोन वर्षांनी कुंदा पुन्हा आली. पाचवा महिना होता. बरोबर सासू होती. बाय तिला बघून उठून उभ्या राहिल्या. “कुंदा, पणजीत माझ्यापेक्षा चांगले डॉक्टर आहेत. तुला तिकडे जायचे असेल तर मी चिठ्ठी देते. मला वाईट वाटणार नाही.” कुंदा चप्पल काढून सरळ पलंगावर जाऊन आडवी झाली.

ह्या खेपेला बायनी पहिल्या दिवसापासून तिच्यावर नजर ठेवली. आधी पंधरा दिवसांनी, मग आठवड्याने, मग आठवड्यातून दोनदा. रेघ हळूहळू खाली येत होती. सातवा संपत आला तेव्हा एका सकाळी ती प्रत्येक ठोक्यानंतर तळाला टेकू लागली. बाय उठल्या, नळाकडे गेल्या, हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, “कुंदा, आज घरी जायचे नाही. आत्ता मोठ्या इस्पितळात जायचे. इथे इतक्या लहान बाळाला सांभाळायची सोय नाही.” म्हातारीने काही विचारले नाही. ती म्हणाली, “मी कापडां घेवन येतंय फाटसून. तुमी जावा.” बाय स्वतः जीपमध्ये कुंदाशेजारी बसून गेल्या. मलाही बरोबर घेतले.

मोठ्या इस्पितळात बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शने सुरू झाली. तिथली एक डॉक्टर बायच्या हाताखाली शिकून गेलेली होती, म्हणून बायना रोज यंत्रावरचे बघता येई. डिचोलीतले काम संपवून त्या बसने जात आणि कुंदाच्या उशाशी बसत. माझी रजा होती त्या दिवशी मीही गेले होते. कुंदाने त्यांना विचारले, “आज काढले तर जगेल?”

“सांगता येत नाही. फार लहान आहे.”

“आणि ठेवले तर?”

“ठेवले तर रोज थोडे वाढेल, आणि एक दिवस आतच जाईल. तो दिवस कुठला हे बघायला आम्ही रोज येतो.”

कुंदा म्हणाली, “तुम्ही माझ्या जागी असता तर?”

“मी तुझ्या जागी नाही, कुंदा. तुझे एक गेले आहे. पण विचारतेस म्हणून सांगते. रक्त उभे आहे तोवर मी थांबले असते. मागे फिरलेले दिसले, की एक तासही थांबले नसते.”

“मग तसेच करा,” कुंदा म्हणाली. “मला परत विचारू नका. मी तेव्हा भ्याले तरी ऐकू नका.”

नवव्या दिवशी सकाळी ती रेघ तळाच्या खाली उतरली. दोन ठोक्यांच्या मधे रक्त मागे फिरत होते. आणि कुंदा खरोखरच भ्याली. नको, आणखी दोन दिवस ठेवा म्हणून तिने तिथल्या डॉक्टरांचे हात धरले. बायना निरोप गेला. त्या पोचल्या तेव्हा तिला शस्त्रक्रियेच्या खोलीकडे नेत होते. बायनी स्ट्रेचर थांबवले नाही. त्या शेजारून चालत राहिल्या आणि म्हणाल्या, “तूच सांगितले होतेस, ऐकू नका म्हणून. मी तुझे पहिले सांगणे ऐकते आहे.” कुंदाने डोळे मिटले आणि डॉक्टरांचा हात सोडला.

मुलगी झाली. अकराशे ग्रॅम. तळहातावर मावेल एवढी, जांभळट, आणि तिचे रडणे म्हणजे मांजराच्या पिल्लासारखे. पहिले पंधरा दिवस कुणीच काही खात्रीने सांगत नव्हते. दोनदा तिचा श्वास थांबला आणि दोनदा चालू केला. म्हातारी रोज मयेहून बसने येई आणि काचेपलीकडून बघून जाई. पन्नासाव्या दिवशी मुलगी घरी गेली. तिला बायचे नाव ठेवायचे असे त्यांच्या घरात ठरले होते. बायनी ऐकताच नकार दिला. “माझे नाव तिच्या अंगावर टाकू नका. आणि पहिल्याचे काय झाले हे तिला मोठी झाल्यावर सांगा. तिचा भाऊ होता तो.” म्हातारीने मग नातीचे नाव शांती ठेवले. बारशाला बाय गेल्या, पाळण्यामागे सगळ्या बायकांच्या शेवटी उभ्या राहिल्या, आणि मूठभर घुगऱ्या घेऊन परत आल्या.

पुढे मला सरकारी नोकरी लागली आणि मी पेडण्याकडच्या एका आरोग्य केंद्रात आले. बायचाही उजवा खांदा त्याच सुमाराला गेला. इतकी वर्षे हात उचलून तेच काम. खांद्याची वाटी झिजली असे हाडांचे डॉक्टर म्हणाले. जेवताना घास तोंडापर्यंत नेणे जमेना, तेव्हा त्यांनी काम थांबवले आणि भावाकडे गावी येऊन राहिल्या. मी महिन्यातून एकदा रविवारी जाई. एकदा फारच कष्टी होऊन गेले होते. आमच्या केंद्रात यंत्र नव्हते. एका मुलीचे पोट मला लहान वाटले, दाब थोडा चढला होता. मी आग्रह करून तिला मोठ्या इस्पितळात पाठवले. भाड्याची जीप करून गेली बिचारी. तिथे सगळे ठीक निघाले. नवरा परत येऊन केंद्रात चारचौघांत मला बोलला, आणि आमचे वैद्यकीय अधिकारीही म्हणाले, सिस्टर, जरा विचार करून पाठवत जा.

बायनी सगळे ऐकून घेतले. “काहीच निघाले नाही?”

“नाही, बाय. रेघ अगदी वर होती म्हणे.”

“मग तू रडतेस कसली? त्या बाळाचे सगळे बरे आहे, हे आज तुला माहीत आहे. पाठवले नसतेस तर माहीत नसते.” मग डाव्या हाताने माझ्यापुढे पाणी सरकवत म्हणाल्या, “त्या नवऱ्याकडे जा आणि सांग, माझा अंदाज चुकला. चुकल्याचा आनंद आहे, तेही सांग. आणि पुढच्या खेपेलाही पाठव.” मी गेले. तो ओशाळला. त्याच्या बायकोने मला फणस दिला.

बाय त्यानंतर वर्षभरच होत्या. झोपेत गेल्या. मला निरोप मिळाला तोवर सगळे आटोपले होते. बाराव्याला गेले. भावाच्या ओळखीची चार माणसे ओटीवर बसली होती. त्यांतल्या एकाने विचारले, तुमची बहीण नक्की काय करायची हो? भाऊ भला माणूस, पण त्याला ते कधी नीट कळले नव्हते. तो म्हणाला, “यंत्रावर पोटातल्या पोरांचे फोटो काढायची.”

ओटीच्या टोकाला एक म्हातारी बसली होती. ती कधी आली ते मी पाहिले नव्हते. मयेची, कुंदाची सासू. पाठ पार वाकली होती, दोन बसगाड्या बदलून एकटीच आली होती. ती त्याच्याकडे वळून म्हणाली, “फोटो न्हय, बाबा. ती खरा सांगी.” मग तिने पदराची गाठ सोडली, मयेहून आणलेली चार अबोलीची फुले काढली, आणि कुठे ठेवायची म्हणून माझ्याकडे बघितले.